रॉनेलच्या वरचा सूर

रॉनेल प्रुएटच्या पहिल्या तीन रेकॉर्ड लावल्या की तिच्या आवाजाच्या थोडं वरून आणखी एका बाईचा आवाज चालताना ऐकू येतो. पुष्कळांना तो वेगळा ऐकूच येत नाही. त्यांना वाटतं, रॉनेलचा गळाच असा भरदार होता. तो वरचा आवाज आर्डिथ कॅगलचा. डोव्ह क्रीकच्या शाळेत तिने उमेदीची सगळी वर्षं मुलांना जेवायला वाढलं. तिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन मोठ्या झालेल्या कितीतरी जणांच्या घरी तिचा आवाज कपाटात पडून होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आर्डिथनेही तो कधी सांगितला नाही. विचारलं तर म्हणायची, "होते बाई मी तिकडे थोडे दिवस," आणि पुढच्याच्या ताटात घेवडा वाढायची.

रॉनेल तिची मावसबहीण. आया सख्ख्या बहिणी, घरं एकाच ओढ्याच्या दोन काठांवर. आमच्या खोऱ्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये वाद्याला मज्जाव आहे. पियानो नाही, ऑर्गन नाही. देवाने गळा दिलाय तो पुरे, असं तिथलं म्हणणं. त्यामुळे बोलायला लागलेलं मूलसुद्धा कुठल्या ना कुठल्या सुरावर नेमलं जातं. काहींनी मूळ चाल गायची, काहींनी तिच्या वरून जायचं, काहींनी खालून, आणि म्हाताऱ्या बाप्यांनी तळाशी खर्ज धरून बसायचं. एकच गाणं एका वेळी चार वाटांनी चालतं आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. रॉनेलला मूळ चाल मिळाली, कारण दुसरं काही तिच्या डोक्यात राहायचंच नाही. आर्डिथला वरचा सूर मिळाला, कारण तिला रॉनेलच्या शेजारी बसायचं होतं.

जत्रेत गाताना त्यांना रेडिओच्या एका माणसाने ऐकलं आणि नॅशव्हिलला, रेकॉर्डी निघायच्या त्या शहरात, बोलावलं. बसमध्ये रॉनेलने खिडकीची जागा पटकावली आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

"हे बघ आर्डिथ," ती म्हणाली, "मला घेतील ते तुलाही घेतील. मी रेकॉर्ड केली की वरचा सूर तुझा. एक केली काय नि शंभर केल्या काय. मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीये."

"बोलूच नकोस. गाताना दम पुरत नाही तुला."

"हो म्हण ना."

"हो म्हटलं. आता सरक, माझा अर्धा पाय बाहेर आहे."

आर्डिथ तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माणूस त्या वयात ऐकलेलं खरं धरून चालतो.

पहिली रेकॉर्ड 'ओढ्यापलीकडचा दिवा'. एक फिडल, म्हणजे आमचं गावठी व्हायोलिन, एक गिटार, एक स्टील गिटार आणि दोघींना मिळून एकच माईक. रॉनेलचा हात आर्डिथच्या कमरेवर असायचा; सूर लांबवायचा असला की ती बोटं दाबायची, सोडायचा असला की बोटं सैल. तालीम म्हणावी तर एवढीच. आर्डिथची एक खोड होती: शब्द ती केसभर उशिरा धरायची, खालून घसरत वर यायची. रॉनेल चिडवायची, "मी दार उघडून आत जाते, आणि ही बाई मागे पायपुसण्यावर बूट घासत बसते." पण त्या घासण्यातच गाण्याचा जीव होता, हे रॉनेलला कळत होतं. गाणं रेडिओवर गेलं आणि ट्रक चालवणारे, दुकानात बसणारे, कापड गिरणीतल्या बाया, सगळे ते गुणगुणायला लागले. वेष्टनावर रॉनेलचा एकटीचा फोटो होता: आईने शिवलेला फुलाफुलांचा झगा घालून ओट्याच्या पायरीवर बसलेली. आर्डिथचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. झगा तिनेच इस्त्री केला होता.

दुसरी रेकॉर्ड काडीमोडाच्या गाण्यांची. दोघींपैकी कुणाचंही लग्न झालेलं नव्हतं, तरी ती खपली. स्टील गिटार त्यात इतकी रडते की ऐकणाऱ्याला नवऱ्याशी उगीचच वाकडं वागावंसं वाटतं.

तिसऱ्या रेकॉर्डला ल्यूथर बेन आला. ल्यूथरचं काम रेकॉर्ड घडवण्याचं. गावठी गाणं शहरातल्या दिवाणखान्यात कसं नेऊन बसवायचं, हे त्याला बरोबर कळायचं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर आर्डिथला सोपं गेलं असतं. तो दार धरून उभा राहायचा, तिच्या आईची चौकशी करायचा, आणि हसत हसत एकेक जण कमी करायचा. आधी फिडलवाला गेला आणि त्याच्या जागी व्हायोलिनवाल्यांचा ताफा आला. मग स्टील गिटारवाल्याला कोपऱ्यात बसवलं आणि दोनच गाण्यांत घेतलं. रॉनेलचे केस वर चढले, झगा जाऊन साटिन आलं, आणि रेकॉर्डचं नावही 'साटिन'च ठेवलं. आर्डिथचा आवाज तिच्यात आहे, पण शेजारच्या घरातून कुणी गावं तसा. एकच माईकही राहिला नव्हता. तिला वेगळ्या काचेच्या खोलीत उभं करायचे, कानांवर यंत्र लावायचे, आणि कमरेवर कुणाचा हात नसायचा.

"दूर वाटतेय गं मी," ती रॉनेलला म्हणाली.

"मोठ्या गाण्यात सगळेच दूर वाटतात. मला तरी मी कुठे सापडतेय?"

चौथ्या रेकॉर्डचं काम सुरू झालं तरी आर्डिथला बोलावणं येईना. शेवटी तिने बीन्सचा आणि भाजलेल्या मांसाचा डबा भरला, कारण रॉनेल कामात असली की खायची नाही, आणि न बोलावता स्टुडिओत गेली. कुणी अडवलं नाही. ती काचेबाहेरच्या बाकावर बसली, आणि आत गाणं लागलं. यंत्राचा ढोल, सिंथेसायझर, त्यावर रॉनेलची मूळ चाल. आणि तिच्या वरून वरचा सूर.

आर्डिथला क्षणभर वाटलं, ही मीच. मी हे कधी गायले? मग नीट ऐकल्यावर कळलं की तो रॉनेलचाच आवाज होता. नव्या यंत्रावर माणूस स्वतःच्या गाण्यावर स्वतःच पुन्हा गाऊ शकत होता, हवं तितक्या वेळा. रॉनेलने वरचा सूर गायला होता आणि तो आर्डिथसारखा गायला होता. शब्द केसभर उशिरा धरून, खालून घसरत वर. ते पायपुसण्यावर बूट घासणंसुद्धा तिने उचललं होतं.

ल्यूथरने तिला पाहिलं आणि तो बाहेर आला. "छान जुळलंय ना, आर्डिथ? एकाच गळ्यातून दोन्ही. फट म्हणून नाही."

"नाही खरी," आर्डिथ म्हणाली.

त्याच्यामागून रॉनेल आली.

"मला सांगणार कधी होतीस?" आर्डिथने विचारलं.

"आज. जेवताना."

"मग जेव," आर्डिथ म्हणाली. तिने डबा टेबलावर ठेवला, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं आणि निघाली. रॉनेल दारापर्यंत मागे आली, पण पुढे आली नाही. आत दुसरं गाणं लावलं होतं आणि ल्यूथर तिला हाक मारत होता.

आर्डिथ डोव्ह क्रीकला परत आली. दुधाचा ट्रक चालवणाऱ्या हॉइट कॅगलशी तिने लग्न केलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. कुणी म्हणालं, बरं झालं, ते शहर काही खरं नाही. कुणी म्हणालं, हिला काढली असेल. तिने दोघांनाही हूं म्हटलं. चर्चमध्ये ती आपल्या जागी, वरच्या सुरात, बसायला लागली. शेजारची जागा मात्र ती कोट ठेवून अडवायची. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे कोटाला मान आहे.

ती चौथी रेकॉर्ड, 'शहरभर दिवे', पेट्रोल पंपावरसुद्धा विकायला होती. जे लोक आमच्या गाण्यांना नाकं मुरडायचे ते तिच्यावर नाचले. आणि तेव्हापासून एक गोष्ट ठरून गेली: रॉनेलची नवी रेकॉर्ड निघाली की पहिली प्रत टपालाने आर्डिथच्या घरी यायची. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. पत्ता तेवढा रॉनेलच्या हातचा. आर्डिथ ती फडताळावर ठेवून द्यायची, आठवडाभर तिच्याकडे बघायचीही नाही. मग एखाद्या संध्याकाळी भांडी आवरून, हात पुसून, ती रेकॉर्ड लावायची आणि उभ्या उभ्या तिच्यावर वरचा सूर गायला बघायची. आपल्यापुरती जागा शोधायची.

जागा नसायची. 'शहरभर दिवे'मध्ये तर रॉनेलनेच ती भरून टाकली होती. पुढच्या 'लाल टाचा'त रॉनेलने खांद्यात उशा भरलेला कोट घातलाय आणि गाण्यात इतका गलबला आहे की शिट्टी घालायलाही फट नाही. मग दहाएक वर्षांनी सगळ्या देशाला पुन्हा गुराख्यांच्या टोप्या आणि बूट आठवले, लोक रांगा धरून नाचायला लागले. तेव्हा रॉनेलने 'या गं रांगेत' काढली. फिडल परत आलं, पण पाहुण्यासारखं, घटकाभर बसून गेलं. मधे नाताळची एक झाली. ती प्रत्येकाला करावीच लागते, त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

"आर्डिथ," हॉइट एकदा खुर्चीतून म्हणाला, "तिला काही ऐकू जात नाहीये."

"माहीत आहे मला."

"नाही, आपलं सांगितलं."

"तुझी दूधगाडी बघ तू."

हॉइट भला माणूस. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही, पण ती गायला लागली की टीव्हीचा आवाज बारीक करायचा.

आर्डिथच्या मनाला सगळ्यात जास्त लागली ती भजनांची रेकॉर्ड. रॉनेलने आमच्याच चर्चची गाणी घेतली आणि त्यांना पियानो लावला, ढोल लावला, मागे चाळीस माणसांचा समूह उभा केला. डोव्ह क्रीकमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. मिस व्हर्डी, आमच्याकडची खालच्या सुराची सगळ्यात जुनी बाई, म्हणाली, "गायलीय छान. पण देवाला एवढ्या मोठ्याने कशाला सांगायचं?" आर्डिथचा राग वेगळा होता. "चाळीस," ती हॉइटला म्हणाली. "माझ्या एका जागी चाळीस लागले." त्या दिवशी मात्र ती रेकॉर्ड संपेपर्यंत ऐकू शकली नाही.

त्या भेटायच्याच नाहीत असं नव्हतं. आया गेल्या तेव्हा भेटल्या, हॉइट गेला तेव्हा रॉनेल आली, तीन दिवस राहिली, भांडीसुद्धा घासली. पण बोलणं व्हायचं ते पावसापाण्याचं आणि कुणी आणलेला केक खालून कच्चा राहिलाय त्याचं. मूळ गोष्टीला कुणी हात घातला नाही. आर्डिथला एवढंच हवं होतं की रॉनेलने एकदा तोंडाने म्हणावं, मी चुकले. ती ते ऐकायला तयार होऊन इतकी वर्षं बसली होती की दुसरं काही करायचं राहून गेलं.

मग एका पानगळीच्या दुपारी रॉनेल स्वतः गाडी चालवत आली. आर्डिथ ओट्यावर सफरचंदं सोलत बसली होती. रॉनेल बारीक झाली होती, केस पांढरे आणि साधे कापलेले होते. ती येऊन बसली, दुसरी सुरी उचलली आणि सोलायला लागली. तिच्या साली जाड निघत होत्या.

"नवी करतेय," ती म्हणाली. आवाज खाली उतरला होता, बाप्यासारखा. "शेवटचीच म्हण. एक गिटार, एक माईक. 'ओढ्यापलीकडचा दिवा' पुन्हा घेतेय, आणि काही नवी."

"ल्यूथरला आवडेल?"

"ल्यूथर नाहीये यात. त्याला यातलं कळत नाही."

"तेव्हा कळत होतं वाटतं."

रॉनेलने सुरी खाली ठेवली. "आर्डिथ, मी चुकले. त्याने सुचवलं हे खरं, पण हो मी म्हटलं. वर तुझ्यासारखं गायले तेसुद्धा त्याने सांगितलं नव्हतं. मला दुसरं कसं गायचं ते येतच नव्हतं."

झालं. म्हटलं तिने. आर्डिथच्या हातात अर्धं सोललेलं सफरचंद होतं. ज्या शब्दांची एवढी वाट पाहिली ते आले, आणि ते कुठे ठेवायचे हे तिला कळेना. म्हणून तिने हाताशी होतं ते बोलून टाकलं.

"मग आताही तूच गा की वर. तुला येतो माझ्यासारखा."

"आता नाही येत. वरचं सगळं गेलं माझं."

"चाळीस जण आहेत ना ओळखीचे. त्यांना बोलव."

रॉनेल हसली, मनापासून हसली, आणि हसता हसता खोकायला लागली. खोकला बराच वेळ थांबला नाही. आर्डिथने पाणी आणून दिलं. तिच्या जिभेवर होतं की विचारावं, हे काय गं, कधीपासून? पण विचारलं असतं तर लगेच मऊ व्हावं लागलं असतं, आणि तिला आणखी एकदा विनवणी हवी होती. एकच. रॉनेलला माणसं कशी विनवायची ते कधी आलंच नव्हतं. आयुष्यभर तिला लोकांनीच विनवलेलं. ती उठली, कोट घातला.

"जागा ठेवते मी तुझी," गाडीत बसताना ती म्हणाली. "मनात आलं तर ये."

आर्डिथ गेली नाही. उद्या फोन करू, परवा करू, असं करत चर्चचा सफरचंदाच्या मुरांब्याचा दिवस आला, थंडीही पडली, आणि एक दिवस टपालाने रेकॉर्ड आली. नाव 'उन्हं उतरल्यावर'. ह्या खेपेला ती फडताळावर गेली नाही. आर्डिथने कोटसुद्धा न काढता लावली.

एक गिटार होती. खाली उतरलेला, भेगाळलेला रॉनेलचा आवाज होता. आणि प्रत्येक धृपदाशी तो आवाज जरासा खाली झुकायचा, बाजूला व्हायचा, बाकावर माणूस सरकून बसतो तसा. वर काहीही नव्हतं. कुणी गायलं नव्हतं, कुठलं वाद्य भरलं नव्हतं, शेवटपर्यंत. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की ह्या रिकामेपणाला धाडस लागतं, एवढ्या वर्षांच्या झगमगाटानंतर ही बाई मौनापर्यंत पोचली आहे, वगैरे. आर्डिथच्या रुसव्याला कला म्हणतात हे आर्डिथला पेपरातून कळलं.

तिने दुसऱ्यांदा लावली आणि ती गायली. सूर बसला. पहिल्या शब्दापासून बसला, जिथे ती उशिरा यायची तिथे रॉनेल तेवढी थांबली होती. पंचेचाळीस वर्षं ती जी जागा शोधत होती ती आयती तिच्यापुढे होती, आणि तिच्यात बसायला स्वयंपाकघरात ती एकटी होती. तिने गाणं संपवलं, डोळे पुसले आणि फोन लावला.

फोन रॉनेलच्या मुलीने, मार्लिसने, उचलला. "आर्डिथमावशी? आई झोपलीय गं. आताच डोळा लागलाय तिचा. उठवू?"

"नको नको. निजू दे."

"काही सांगायचंय?"

सांगायचं होतं. मी येते म्हण, उद्याच येते, माईक तयार ठेव म्हण. पण ते मार्लिसला सांगायचं नव्हतं, रॉनेलला सांगायचं होतं. "काही नाही गं," आर्डिथ म्हणाली. "सहज केला होता."

त्याच आठवड्यात रॉनेल गेली. तो आजार तिला दोन वर्षं होता आणि तिने तो घरच्यांपलीकडे कुणाला कळू दिला नव्हता.

पुरायला तिला डोव्ह क्रीकलाच आणलं, ओढ्यावरच्या टेकडीवर, आईशेजारी. आदल्या दिवशी मार्लिस आर्डिथकडे आली. आर्डिथने तिला बसवलं, समोर पावासारखी मऊ, गरम बिस्किटं आणि मांसाचा रस्सा ठेवला. मार्लिसने चमच्याने रस्सा नुसता ढवळला.

"आईने सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "वाद्य नाही. तिकडून येतील त्यातल्या कुणी गायचं नाही. फक्त 'ओढ्यापलीकडचा दिवा', आणि तो तू म्हणायचास."

"मी? ती तिची चाल आहे गं."

"मी विचारलं तिला. म्हणाली, आर्डिथला सांग, तिला कळेल."

आर्डिथला काही कळलं नव्हतं. पण तिने मनाशी ठरवलं की एकदा तरी हे धड करायचं. एका विनवणीसाठी आपण अडून बसलो, फोनवर बोलायचं तेव्हा बोललो नाही. आता चारचौघांत रॉनेलचं गाणं रॉनेलसारखं म्हणायचं, तेवढंच द्यायचं राहिलंय. रात्री जेवणाची भांडी घासताना तिने मूळ चाल म्हणून पाहिली. येत होती. न यायला काय झालं? जन्मभर तिच्याच वरून तर चालली होती.

सकाळी टेकडीवर चिखल होता. कापडी मांडवाखाली घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला नॅशव्हिलची मंडळी, काळे लांब कोट आणि पातळ बूट. एका बाजूला आमचं चर्च, सवयीने आपापल्या सुरांप्रमाणे बसलेलं. मूळ चालवाले पुढे, खालच्या सुराच्या बाया मधे, खर्जवाले मागे. पहिल्या रांगेच्या टोकाला ल्यूथर बेन होता, खूप म्हातारा, हातात काठी. त्याने आर्डिथला पाहून टोपी काढली. तिने मान हलवली. त्याच्यावर रागवायला आता तिच्यात काही उरलं नव्हतं.

ब्रदर लायल, आमचे गाणी सांगणारे, यांनी वचन वाचलं. मग खिशातून सूर देण्याची छोटी गोल शिट्टी काढली, फुंकली आणि आर्डिथकडे पाहिलं. तिने श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

'ओढ्याला चढलंय पाणी, आई, दिवा ठेव गं खिडकीत,' आणि जे बाहेर पडलं ते रॉनेलचं नव्हतं. वरचा सूर होता. नुसता, एकटा, खाली काही नसलेला. ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं अर्ध्यातून सुरू झालंय. पहिली ओळ संपेपर्यंत तिला स्वतःलाच कळलं नाही. कळलं तेव्हा ती दोन ओळींच्या मधे होती. थांबता आलं असतं. ब्रदर लायलनी पुन्हा शिट्टी दिली असती, कुणी काही म्हणालं नसतं. पण दुसरी ओळ आली आणि ती त्याच वाटेने पुढे गेली, शब्द केसभर उशिरा धरत, खालून घसरत वर. जिथे रॉनेलला दम पुरायचा नाही तिथे ती थांबली आणि रॉनेलने श्वास घ्यावा एवढा वेळ दिला. मांडवातले सगळे तेवढा वेळ थांबले.

नॅशव्हिलवाल्यांत चुळबुळ झाली. त्यांना वाटलं, म्हातारी चुकली. चुकलीच होती. धृपदाशी ल्यूथरने, तिला हात द्यावा म्हणून, हळूच मूळ चाल धरली. चांगल्या मनानेच धरली असणार. मागून मिस व्हर्डी उठून पुढे आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "ती जागा अडवलेली आहे."

ल्यूथर गप्प झाला. आणि मग मिस व्हर्डीनेच खालचा सूर लावला. तिच्याबरोबरच्या बायांनी लावला. मागून बाप्यांचा खर्ज आला, जमिनीतून यावा तसा. वर आर्डिथ होती, खाली हे सगळे, आणि पुढच्या रांगांतले मूळ चाल गाणारे, ज्यांना आयुष्यात दुसरी वाट ठाऊक नव्हती, ते ओठ मिटून बसले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. तीन वाटांनी गाणं चाललं आणि मधली वाट मोकळी राहिली, आणि तिथे रॉनेल इतकी स्वच्छ ऐकू येत होती, पहिल्या रेकॉर्डवरची, दम कमी पडणारी, की मार्लिसने शवपेटीकडे पाहिलं.

आर्डिथला बरं वाटत होतं. हे सांगायला विचित्र आहे, पण तसंच होतं. कमरेवर हात असल्यासारखी ती गात होती. तिसरं कडवं झालं, शेवटचं धृपद आलं, आणि शेवटची ओळ. 'वाट दिसेल एवढा उजेड पुरे, आई, मी येते आहे घरी.' ह्या ओळीतला 'घरी' बाकी कुणी म्हणायचा नसतो. तिथे सगळे सूर सोडून द्यायचे आणि रॉनेलने तो एकटीने म्हणायचा, असंच ते गाणं पहिल्यापासून बसवलेलं होतं, आणि आमच्या खोऱ्यात तान्ह्या पोराला झोपवतानाही ते तसंच म्हणतात. खर्ज थांबला. बाया थांबल्या. आर्डिथ 'येते आहे' म्हणून थांबली, आणि नेहमीसारखी, मान जराशी डावीकडे वळवून, वाट पाहायला लागली.

ती खरोखरच वाट पाहत होती. फोन आला होता, पेटी पाहिली होती, ह्याच हातांनी रॉनेलचे केस विंचरले होते. पण शब्द आला नाही, खाली ओढ्याचं पाणी वाहत राहिलं, आणि रॉनेल गेली हे आर्डिथला तेव्हा कळलं.